नायट्रो बगीला ब्रशलेस मोटर: हौस की उधळपट्टी?

तीनपॉइंटपाच: काल इथे एकाने ठणकावलं, ‘जुन्या नायट्रो बगीत (मिथेनॉल-नायट्रोच्या इंधनावर धावणारी रिमोटची मॉडेल गाडी) ब्रशलेस, म्हणजे विजेची मोटर, बसवणं हा शुद्ध मूर्खपणा, सरळ इलेक्ट्रिक बगी घ्या.’ मूर्खपणा? माझी इन्फर्नो एमपी ७.५ बघा. चासी सरळ, डिफ (चाकांना ताकद वाटणारे गिअर) ठणठणीत, फक्त वापरून वापरून इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन, टाकी, पाइप काढा, सेंटर डिफजवळ मोटर माउंट घट्ट बसवा, क्लचबेलच्या (इंजिनाकडचा गिअर) जागी पिनियन (मोटरचा छोटा गिअर). शॉक तेच, स्पर (मोठा गिअर) तोच. ४एसवर (चार सेलचा लिथियम पॅक, १४.८ व्होल्ट) २००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे) मोटर, म्हणजे बिनलोड २९,६०० आरपीएम. एक-अष्टमांश (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाच्या) बगीला आणखी काय हवं?

चिखलखाऊ: ठणकावणारा मीच. हिशेब सोयीपुरताच सांगितलात. दीडशे अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), बॅटरी ट्रे, दोन पॅक, बरा चार्जर कोण धरणार? तेवढ्यात वापरलेली इलेक्ट्रिक बगी येते. शिवाय ब्रेक! नायट्रोत पुढच्या-मागच्या डिस्कचा ब्रेक वेगवेगळा लावता येतो. इथे सगळं मोटरवर. सेंटर डिफमध्ये तेल पातळ राहिलं की थ्रॉटल दिल्याबरोबर पुढची चाकं फुगून गरगरणार आणि ताकद तिथेच वाया.

गॅलरीवाला: ब्रेकचं राहू द्या हो. आमच्या सोसायटीत रविवारी इंजिन चालू करायला ग्लो इग्नायटर लावला रे लावला की सेक्रेटरी काका पायऱ्या उतरायला लागतात. मी ब्रशलेस केली आणि शांतता विकत घेतली. पॅक गॅलरीत चार्जला लावतो, चहा पितो.

डॅलसकर: गॅलरीत?! लक्ष न ठेवता?! माझा फुल भरून ठेवलेला पॅक उशीसारखा फुगला होता. सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचं असतं, काका.

गॅलरीवाला: काका कोण? आणि तुमच्या गराजमध्ये मिथेनॉलचे कॅन आहेत त्याचं काय? त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही.

तीनपॉइंटपाच: डॅलसकर, डिसेंबरात येताय ना? दोन ६एस आणाल का?

डॅलसकर: आलंच! दरवर्षी हेच. मावसभावाला फोन, काकूंना व्हिटॅमिन, आता तुम्हाला बॅटऱ्या. ४एस ५००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, केबिन बॅगेत चालतो. ६एस ५००० म्हणजे १११, शंभराच्या वर, एअरलाइनची परवानगी लागते. ती कोण काढणार? मी कुरिअर नाही.

चिखलखाऊ: निदान नायट्रो फ्युएल तरी मागितलं नाही. ते तर विमानात चढूच देत नाहीत.

गॅलरीवाला: इथे ते मिळतं तरी कुठे वेळेवर? मागवलेला कॅन आला तेव्हा पावसाळा लागला होता. झाकण सैल, मिथेनॉलने ओल ओढलेली. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, नीडल जरा रिच करा,’ म्हणजे इंधन जास्त सोडा. त्याच दिवशी मी नायट्रोला रामराम केला.

डॅलसकर: म्हणजे तुम्ही फ्युएलवरचा राग मोटर घेऊन काढलात.

गॅलरीवाला: काढला! पैसे माझे.

तीनपॉइंटपाच: माझा प्रश्न कुणी वाचला का? चार्जर आणि ४एसचे दोन पॅक माझ्याकडे आधीच आहेत. घ्यायचंय ते मोटर, ईएससी आणि माउंट.

चिखलखाऊ: हे आधी सांगायला काय झालं होतं? मग करा बापडे, तुमच्यापुरता मूर्खपणा थोडा स्वस्त पडतोय. सेंटर डिफला १०,००० सीएसटीच्या घट्ट तेलापासून सुरुवात करा. मोटर सेन्सरवालीच घ्या, नाहीतर हळू चालवताना अडखळेल. आणि जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर टाकून देऊ नका. मला हवाय.