उत्तर: डोळ्याच्या पडद्याच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घरातल्या सगळ्यांनी घ्याव्यात का?

वाशीच्या ताईंनी विचारलंय, वडिलांच्या मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) झिजेसाठी आणलेल्या गोळ्या सगळ्यांनीच घ्याव्यात का? नको. डोळ्याचा पडदा ऑक्सिजनचा खादाड. वर सतत उजेड, आणि पेशींत डीएचएसारखी (ओमेगा-३ प्रकारातली) नाजूक चरबी. म्हणजे तेल खवट व्हायला सगळी सोय, आणि अँटिऑक्सिडंट हे खवट होणं रोखतात असा हिशोब! तरी २००१च्या एरेड्स या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला तो मध्यम टप्प्याच्या किंवा एका डोळ्यात पुढचा टप्पा गाठलेल्या रुग्णांना. आजार पुढच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्के कमी.

मेडिकलमध्ये स्ट्रिप उलटून वाचा: ल्युटीन १० मिग्रॅ, झिआझँथिन २, झिंक ८०, तांबं २. तांबं नसेल तर परत करा, इतक्या झिंकमुळे शरीरात तांबं नीट शोषलं जात नाही आणि रक्तक्षय होऊ शकतो. बीटा-कॅरोटीन दिसलं तर सिगारेट ओढणाऱ्यांनी, सोडलेल्यांनीही, लांब राहावं. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि खिडकीचे गज वाकडे दिसू लागले तर गोळ्यांचा नाद सोडून लगेच रेटिनाच्या डॉक्टरकडे.