फुकट तर पूर्वीपासूनच राबवतात
वर कुणीतरी म्हटलंय की आजकालचे क्लबवाले नवीन कॉमेडियन पोरांना फुकट राबवतात, पूर्वी असं नव्हतं. अहो पूर्वीच तर जास्त होतं! लॉस एंजेलिसचं कॉमेडी स्टोअर घ्या, १९७२ पासूनचा क्लब, नंतर मिट्झी शोअर बाई चालवायच्या, तिकडे वेटरला पगार, बारवाल्याला पगार आणि ज्याला बघायला लोक पैसे मोजून आलेत तो स्टेजवरचा मात्र फुकट. बाईंचं म्हणणं काय, तर हे कॉलेज आहे, शिकायला मिळतंय ना. शेवटी १९७९ मध्ये कॉमेडियन चक्क संपावर गेले, त्यात पुढे अमेरिकन टीव्हीवर टॉक शो करून गाजलेले डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो पण होते, दीडेक महिना ताणलं तेव्हा कुठे एका सेटचे, म्हणजे एकदा स्टेजवर जाऊन केलेल्या कार्यक्रमाचे, २५ डॉलर सुटले.

मी पण इकडे एका कॅफेत दोनदा ओपन माइक केलंय, म्हणजे नाव नोंदवून कुणीही स्टेजवर जाऊन जोक मारायचे. चार मिनिटं मिळतात, साडेतीन झाली की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात आणि माझ्या जोकचा पंच, म्हणजे हसवणारी शेवटची ओळ, नेमका टॉर्चनंतर. रजिस्ट्रेशनचे २०० मीच भरलेले, वर कॉफी घ्यायची सक्ती. समोर बसलेले सगळे आपला नंबर कधी येतो म्हणून मोबाईलमध्ये स्वतःचेच जोक वाचत होते, हसणार कोण डोंबल!