मदत हवी आहे: सॅक्सोफोनवाल्या भाच्याला पुढचा रस्ता सांगा

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्ह्याकडचे. माझा भाचा लग्नाच्या बँडात अल्टो सॅक्सोफोन वाजवते, पोराचा कान लय पक्का आहे, एकदा ऐकलं की गाणं हातात. आता त्याच्या डोक्यात स्टुडिओत सेशन, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगले, वाजवायचं आहे, मोबाईलवर दिवसभर स्मूद जॅझ चालू. डेव्हिड सॅनबॉर्न त्याचा देव, अल्टोच वाजवायचे ते, लहानपणी पोलिओ झाला होता म्हणून फुफ्फुसं मजबूत व्हावी यासाठी सॅक्स हाती घेतला न पुढं ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 1975 च्या अल्बमवर वाजवलं. आपल्याकडे आर. डी. बर्मनकडे सॅक्सवाले मनोहारी सिंग होतेच की.

अडचण अशी की त्याले नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचता येत नाही. कीबोर्डवाला सी सूर म्हणते तेव्हा तोच सूर काढायले अल्टोवर ए पकडावा लागते, हे तो कानानं जमवते, पण समोर कागद ठेवला की थांबते. दुसरं म्हणजे वरातीत ताशाच्या वरून ऐकू जाईल असा आवाज काढायची सवय, माइकसमोर मऊ फुंकर जमत नाही, रीड (माऊथपीसवरची पातळ पट्टी) चिरकते.

नागपूर, अमरावती, यवतमाळकडे कोणी सॅक्स न नोटेशन दोन्ही शिकवणारे आहेत का? माऊथपीस बदलावा का, रीड किती नंबरची घ्यावी? आणि मुंबईत सेशनसाठी नवीन पोराले कोण उभं करते, म्युझिक अरेंजरला डेमो पाठवायचा की आधी तिथं जाऊन राहायचं? लग्नसराई संपली की पोरगा मोकळा आहे, ज्यानं हे काम स्वतः केलं आहे त्यानं प्लीज सविस्तर लिहा भाऊ.