प्रौढांना स्टेशनांच्या नावांपासून शिकवा
प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला पहिलीचं पुस्तक चालेल का, असं विचारलं जातं. माझ्या अनुभवात नाही चालत. नवी मुंबईत दिघ्यातल्या संध्याकाळच्या वर्गात मी स्टेशनांपासून सुरुवात करते: रबाळे, घणसोली, तुर्भे. ट्रान्सहार्बर लोकलने रोज कामाला जाणाऱ्या बायकांना ही नावं तोंडपाठ असतात, फक्त अक्षरांशी ओळख करून द्यायची. ‘रबाळे’ लगेच जमतं, ‘तुर्भे’तल्या रफाराला मात्र दोन-तीन दिवस द्या. पेन्सिल इतकी दाबून धरतात की कागद फाटतो, म्हणून आधी पाटीच बरी.

‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50. तोंडी हिशेबात या बायका पक्क्या, अडतं लिहिताना. एकशे पाच म्हटलं की 1005 लिहितात. कृपा करून रागावू नका, ऐकलं तसंच लिहिलेलं असतं त्यांनी.