ओपिनेल नंबर ८: कार्बन की स्टेनलेस? मदत हवी आहे

मंडळी, खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचाय. ओपिनेल नंबर ८ नक्की केलाय, पण पातं कार्बन स्टीलचं की स्टेनलेसचं, इथे गाडी अडलीय. दोन्हींचं पातं ८.५ सेंटीमीटर, मूठ लाकडी, पातं अडकवणारी फिरती कडीही तीच.

माझं काम म्हणजे फळं, दोरी, खोकी. कार्बनला धार चटकन लागते, आणि दगडावर धार लावत बसायला मला मनापासून आवडतं. पण लिंबू कापून तसाच मिटला की पातं काळवंडतं, ओल राहिली तर गंजतं. प्रवासात लगेच पुसणं दरवेळी जमत नाही. (ओलीने मूठ फुगून पातं घट्ट होतं, तो त्रास दोन्हींत सारखाच.)

कार्बनवाला रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: तेलाचा हात किती दिवसांनी फिरवता? फळांना लोखंडाची चव येते का?