वेबपानावरची वेळ जागेवरच थांबते, आपोआप पुढे कशी सरकवायची?

कोथरूडकर:
मंडळी, पुण्यातल्या एका अभ्यासिकेत टीव्हीवर दिवसभर उघडं राहणारं पान करतोय. वेळ पीएचपीने (सर्व्हरवर चालणारी भाषा) छापलीय, ती पान उघडलं तिथेच अडकते, वर साडेपाच तास मागे दिसते. मेटा रिफ्रेश (पान आपोआप पुन्हा लोड करणारा एचटीएमएल टॅग) ६० सेकंदांवर लावला, तर अख्खं पानच दर मिनिटाला नव्याने लोड होतं. फक्त वेळच बदलायची तर काय करावं?

औंध_फ्रंटएंड:
साडेपाच तास मागे म्हणजे पीएचपी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतंय. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा. पण पान पाठवलं की पीएचपीचं काम संपतं, पुढची वेळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टनेच सरकवायची. मेटा रिफ्रेश काढा, वेळेसाठी एक स्पॅन (मजकुराचा तुकडा वेगळा ठेवणारा एचटीएमएल टॅग) ठेवा आणि त्याचा टेक्स्टकंटेंट, म्हणजे आतला मजकूर, बदलत राहा. दर वेळी घड्याळ नव्याने वाचा. आधीच्या आकड्यात १ मिळवत गेलात तर टायमरचा थोडाथोडा उशीर साठतो आणि संध्याकाळपर्यंत वेळ मागे पडते. फॉरमॅटसाठी जावास्क्रिप्टमधल्या इंटलचा डेटटाइमफॉरमॅट वापरा, तो टायमरच्या बाहेर एकदाच बनवायचा. लोकेल (भाषा-प्रदेशाचा कोड) 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, दिलं की आकडे देवनागरीत येतात.

धनकवडी_कोड:
वरचं बरोबर, पण सेटइंटरव्हल (ठरावीक अंतराने काम पुन्हा पुन्हा करणारा टायमर) १००० मिलिसेकंदांवर ठेवलात तर अधूनमधून एखादा सेकंद गळेल. एक टिक (टायमरची एक फेरी) ०.९९८ सेकंदाला पडली आणि पुढची जरा उशिरा, २.००१ ला, की १ दिसतच नाही. त्याऐवजी सेटटाइमआउट (एकदाच वाजणारा टायमर) वापरा. थांबायचा काळ = १००० वजा (डेट.नाऊला, म्हणजे मिलिसेकंदांतल्या आत्ताच्या वेळेला, १००० ने भागून उरलेली बाकी). फंक्शनच्या शेवटी पुन्हा तेच लावा. सेकंद दाखवायचे नसतील तर १००० च्या जागी ६००००. भारतीय वेळ यूटीसीपासून पूर्ण मिनिटांच्याच अंतरावर आहे, त्यामुळे मिनिट बरोबर जुळतो.

कोथरूडकर:
चाललं, आभार! पण टीव्हीचं स्वतःचं घड्याळच ४ मिनिटं पुढे आहे. आणि आकडे बदलताना ओळ हलते.

औंध_फ्रंटएंड:
शक्य असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित वेळ चालू करा. नसेल तर सर्व्हरची वेळ फेचने (पान न बदलता सर्व्हरकडून माहिती आणणारं जावास्क्रिप्ट फंक्शन) मागवा, तिच्यातून डेट.नाऊ वजा करून फरक ठेवा आणि दर टिकला तो मिळवा. पीएचपीचं टाइम सेकंदांत असतं, जावास्क्रिप्टचं मिलिसेकंदांत. १००० ने गुणायला विसरलात तर १९७० साल दिसेल! फरक तासाभराने पुन्हा काढा. ओळ हलते त्यावर सीएसएसमध्ये फॉन्ट-व्हेरिएंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स (सगळे अंक सारख्या रुंदीचे) लावून बघा, फॉन्टमध्ये ती सोय नसेल तर प्रत्येक अंकाला ठरावीक रुंदीचा स्पॅन.

धनकवडी_कोड:
हेच पान मोबाइलवरही उघडणार असेल तर एक भर. मागे गेलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंद करतो, क्रोममध्ये तर काही वेळाने मिनिटातून एकदाच. म्हणून व्हिजिबिलिटीचेंज (पान दिसेनासं झालं किंवा पुन्हा दिसलं हे कळवणारा इव्हेंट) ऐका आणि पान पुन्हा समोर आलं की फरक काढून लगेच वेळ छापा.