एचपीव्हीचा अहवाल आणि नवऱ्यावरचा संशय

प्रश्न (कोथरूडची एक वाचक):
माझे वय ३६, लग्नाला १३ वर्षे झाली. नेहमीच्या तपासणीत पॅप स्मिअरबरोबर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) एचपीव्ही या विषाणूची चाचणी केली, तेव्हा पेशींचा अहवाल नॉर्मल आला, पण विषाणूचा एचपीव्ही १६ हा प्रकार पॉझिटिव्ह निघाला. काउंटरवरच्या मुलीने चार माणसांदेखत ‘हे संबंधांतून होतं’ असे सांगत पाकीट हातात दिले आणि तेव्हापासून ते मी शिलाईच्या डब्याखाली दडवून ठेवले आहे. माझा दुसऱ्या कोणाशी कधी संबंध आलेला नाही. मग यजमानांचे बाहेर काही आहे, असाच याचा अर्थ होतो का? हा कर्करोग आहे का? मुलगी ११ वर्षांची आहे, तिला लस द्यावी का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, हडपसर):
ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो, त्यामुळे तो केव्हा आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो तुमच्या यजमानांना लग्नाआधीच झालेला असू शकतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो. या अहवालावरून कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा कर्करोग नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत शरीरच हा विषाणू एकदोन वर्षांत परतवून लावते. तो चिकटून राहिला तरच पेशी बदलू लागतात आणि त्यातून कर्करोग होण्यास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. मात्र १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात, म्हणून पेशी नॉर्मल असल्या तरी कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुखाची पाहणी) करून घ्या, टाळू नका. निरोधामुळे धोका कमी होतो, पण विषाणू त्वचेच्या स्पर्शानेही पसरत असल्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही.

मुलीला लस अवश्य द्या. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ वर्षे पूर्ण झाल्यावर तीन. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, म्हणूनच ती संबंध सुरू होण्याआधी देण्यात खरा फायदा आहे. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी करावीच लागते.

उत्तर (सिंहगड रस्ता):
मी तीन वर्षांपूर्वी यातूनच गेले. कॉल्पोस्कोपीला दहा-पंधरा मिनिटे लागली. गर्भाशयमुखावर ॲसिटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावतात, त्याने थोडे चुरचुरते. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो आणि तेवढ्या ठिकाणचा बारीक तुकडा तपासायला घेतात. मला पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दाखवला होता. उपचार झाले, आता अहवाल निगेटिव्ह आहे. माझ्या सासूबाई पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या. तिथे सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या स्वतःहून तपासणीला आल्या.

उत्तर (एका मुलाचा बाप, औंध):
ही लस मुलग्यांनाही देता येते, हे कोणी सांगत नाही. आमच्या १२ वर्षांच्या मुलाला आम्ही दिली, कारण विषाणू त्याच्याकडूनही पुढे जाऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री पाकीट यजमानांसमोर ठेवले आणि डॉक्टरांचे उत्तर वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग ‘इतके दिवस एकटीच सोसत होतीस?’ एवढेच म्हणाले. गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे, दोघेही जाणार आहोत.